कोपऱ्यातलं उत्तर: लिनियर प्रोग्रामिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

लिनियर प्रोग्रामिंग म्हणजे ठरलेल्या मर्यादा सांभाळून नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी कसा करायचा, याचं गणित. दोन चलांची अशी गणितं आलेखाने कशी सोडवायची, यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून विद्यार्थ्यांची, शेतकऱ्यांची आणि छोट्या कारखानदारांची पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. पहिल्या उत्तरातलं उदाहरण पुढे वारंवार येतं, म्हणून ते आधी वाचावं. उदाहरणांतले आकडे हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत. तुमच्या शेताचे किंवा दुकानाचे आकडे वेगळे असतील, ते घालूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न: मी बारावी वाणिज्यला आहे. शाब्दिक उदाहरण वाचलं की मी लगेच रेषा काढायला घेते आणि मध्येच अडकते. कोणती बाजू रंगवायची, कोणते बिंदू तपासायचे, सगळाच गोंधळ होतो. शेतीचं एखादं उदाहरण घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?
— विद्यार्थिनी, विटा

तू अडकतेस आलेखावर, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या आधी झालेली असते. ‘क्ष = ऊस’ असं लिहून पुढे गेलं की घोटाळ्याला तिथेच सुरुवात होते. ऊस म्हणजे काय? एकर, टन की रुपये? चल लिहिताना एकक लिहायलाच हवं.

उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याकडे १० एकर बागायत जमीन आहे. वर्षभराचं नियोजन करायचं आहे. एक पर्याय सुरू ऊस (साधारण वर्षभरात तुटणारा), दुसरा खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात रब्बीला हरभरा. (आडसाली ऊस इथे मुद्दाम घेतलेला नाही. तो सोळा-अठरा महिने रान अडवतो, म्हणजे जमिनीचा वर्षाचा हिशेब चुकतो.) उसाला एकरी ६० हजार रुपये खर्च येतो, सोयाबीन-हरभऱ्याला २० हजार. हाताशी भांडवल ३ लाख ६० हजार. घरच्या माणसांचं काम उसाला एकरी ४० दिवस, सोयाबीन-हरभऱ्याला २० दिवस. घरची माणसं मिळून वर्षाला ३०० दिवस देऊ शकतात. सगळा खर्च वजा जाऊन उसाचे एकरी ७० हजार सुटतात, सोयाबीन-हरभऱ्याचे ३० हजार. नफा जास्तीत जास्त करायचा.

क्ष = उसाखालचे एकर, य = सोयाबीन-हरभऱ्याखालचे एकर. आता मर्यादा, पैसे हजारांत:

जमीन: क्ष + य ≤ १०
भांडवल: ६०क्ष + २०य ≤ ३६०, म्हणजे ३क्ष + य ≤ १८
काम: ४०क्ष + २०य ≤ ३००, म्हणजे २क्ष + य ≤ १५
आणि क्ष ≥ ०, य ≥ ०.
उद्दिष्ट: न = ७०क्ष + ३०य, हे जास्तीत जास्त.

प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंची एककं एकच आहेत का ते इथेच तपास. डावीकडे रुपये आणि उजवीकडे हजार रुपये अशी गल्लत झाली, तर रेषा कागदाबाहेर जाते किंवा आरंभबिंदूला चिकटते. रेषा विचित्र जागी पडली की आधी एककाकडे बघ.

आता आलेख. असमतेच्या जागी बरोबरीचं चिन्ह ठेवून प्रत्येक रेषेचे दोन बिंदू काढायचे. एकदा य = ०, एकदा क्ष = ०. जमिनीची रेषा (१०, ०) आणि (०, १०) यांतून जाते, भांडवलाची (६, ०) आणि (०, १८) यांतून, कामाची (७.५, ०) आणि (०, १५) यांतून. प्रमाण ठरवण्याआधी हे सहाही बिंदू लिहून काढ. सर्वांत मोठा आकडा १८ आहे, म्हणून १ सेंमी = १ एकर धरून आलेखाचा कागद उभा घ्यायचा. पुष्कळजण पहिली रेषा बघून प्रमाण ठरवतात आणि दुसरी रेषा कागदावर मावत नाही.

बाजू ओळखायला आरंभबिंदू (०, ०) घालून बघ. तिन्ही मर्यादांत ० ≤ काहीतरी असं येतं, ते खरं आहे, म्हणून तिन्ही रेषांची आरंभबिंदूकडची बाजू आपली. प्रत्येक रेषेला आपल्या बाजूचा छोटा बाण कर, रंगवू नकोस. तिन्ही बाजू वेगवेगळ्या रेघांनी भरल्या की कुठली जागा सामाईक ते दिसेनासं होतं. सगळे बाण झाल्यावर सामाईक जागा तेवढी एकदाच रंगव. तोच शक्य प्रदेश.

त्याचे कोपरे चार: (०, ०), (६, ०), (०, १०) आणि जमीन व भांडवल यांच्या रेषा छेदतात तो बिंदू. हा चौथा बिंदू आलेखावरून डोळ्यांनी वाचायचा नाही. दोन समीकरणांची वजाबाकी कर: २क्ष = ८, क्ष = ४, य = ६. पेन्सिलीची जाडीच अर्धा मिलिमीटर असते, त्यामुळे १०/३ सारखं उत्तर आलेखावर कधीच नेमकं दिसणार नाही. कुठल्या दोन रेषा छेदतात एवढंच आलेखाला विचारायचं. बिंदूचे आकडे समीकरणांतून घ्यायचे.

कोपऱ्यांवर नफा: (०, ०) ला शून्य, (६, ०) ला ४२०, (०, १०) ला ३००, (४, ६) ला २८० + १८० = ४६०. उत्तर: ४ एकर ऊस, ६ एकर सोयाबीन-हरभरा, नफा ४ लाख ६० हजार.

कोपरेच का तपासायचे, हे पाठ करण्यापेक्षा एकदा करून बघ. ७०क्ष + ३०य = २१० ही रेषा तुटक काढ. ती (३, ०) आणि (०, ७) यांतून जाते आणि तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूला नफा २ लाख १० हजार असतो. आता कंपासपेटीतल्या दोन गुण्या घेऊन ही रेषा समांतर ठेवत वर सरकव. नफा वाढत जातो. शक्य प्रदेश सोडण्याआधी रेषा शेवटी ज्या बिंदूला टेकते तो (४, ६). प्रदेशाच्या कडा सरळ असल्यामुळे शेवटचा स्पर्श कोपऱ्यालाच होतो, किंवा एखादी अख्खी कड रेषेला समांतर असली तर त्या कडेला.

कामाच्या रेषेचं काय झालं ते पाहिलंस का? ती शक्य प्रदेशाला कुठेही शिवत नाही. (४, ६) ला काम लागतं २८० दिवस, हाताशी आहेत ३००. ही मर्यादा सध्या निरुपयोगी आहे, तरी परीक्षेत रेषा काढावीच लागते. ती पुढच्या उत्तरात जागी होणार आहे.

प्रश्न: माझी दहा एकर आहे. शेजारचं दोन एकर रान खंडाने मिळतंय, एकरी १२ हजार मागतात. सोयाबीन-हरभऱ्याला एकरी ३० हजार सुटतात, म्हणजे खंड देऊन १८ हजार राहतील असा माझा अंदाज आहे. घरातले म्हणतात घेऊन टाका. आलेखाने याचं उत्तर निघतं का?
— शेतकरी, पलूस

निघतं, आणि घरातल्यांच्या सल्ल्याच्या उलट निघतं. तुमचे बाकीचे आकडे वरच्या उदाहरणासारखे धरतो: भांडवल ३ लाख ६०, खर्च आणि नफा तेच.

नव्या रानात सोयाबीन घ्यायचं तर एकरी २० हजार खर्च आहे. तो कुठून आणणार? भांडवल तर शेवटच्या रुपयापर्यंत लागलेलं आहे. म्हणजे तो पैसा उसातूनच काढावा लागणार. आलेखावर हे लख्ख दिसतं. जमिनीची रेषा १० वरून १२ वर सरकवा, भांडवलाची जागची हलत नाही. क्ष + य = १२ आणि ३क्ष + य = १८ सोडवलं की क्ष = ३, य = ९. ऊस एक एकराने घटला, सोयाबीन तीन एकरांनी वाढलं. नफा २१० + २७० = ४८०. दोन एकरांनी मिळून फक्त २० हजार वाढले, एकरी १० हजार. खंड द्यायचा २४ हजार. चार हजार तोटा.

तोही खंड वर्षाच्या शेवटी दिला तर. आगाऊ द्यावा लागला तर तो भांडवलातूनच जातो. मग उरतात ३३६ हजार: ३क्ष + य = १६.८, क्ष + य = १२, म्हणून क्ष = २.४, य = ९.६. नफा ४५६, त्यातून खंड वजा केला की ४३२. रान न घेता ४६० सुटत होते. म्हणजे २८ हजारांचा खड्डा.

तुमचा १८ हजारांचा अंदाज चुकला, कारण त्यात नव्या एकराचा नफा धरला आहे, पण त्यासाठी जुन्या रानात काय सोडावं लागतं ते धरलेलं नाही. एका एकराची किंमत त्या एकरात काय पिकतं यावर ठरत नाही. ते एकर आल्यामुळे सगळ्या शेताचा नफा किती हलतो, यावर ठरते. इथे ती १० हजार आहे. खंड त्याच्या खाली मिळाला आणि वर्षअखेर द्यायचा असेल, तर जरूर घ्या.

आता दुसरी रेषा हलवून बघा. जमीन दहाच एकर, भांडवल १० हजारांनी वाढवून ३७०. क्ष = ४.२५, य = ५.७५, नफा ४७०. दहा हजार घातले, खर्च वजा जाऊन दहा हजार वाढले. ४० हजार वाढवले, म्हणजे भांडवल ४ लाख केलं, तर क्ष = ५, य = ५ आणि नफा ५ लाख. या ४० हजारांवर वर्षाला शेकडा १२ ने व्याज धरलं तरी ४,८०० होतं. पदरात ३५,२०० राहतात. म्हणजे आत्ता तुम्हाला रानापेक्षा पीककर्जाची गरज जास्त आहे.

पण हे कुठवर ताणायचं? (५, ५) ला काम लागतं २०० + १०० = ३०० दिवस. निरुपयोगी वाटणारी कामाची रेषा इथे आडवी येते. ४ लाखांच्या पुढे जास्तीच्या प्रत्येक हजाराला ५०० रुपयेच सुटतात, कारण ऊस एक एकराने वाढवायचा तर घरच्या माणसांना सवड काढण्यासाठी सोयाबीन दोन एकरांनी कमी करावं लागतं. साडेचार लाखांवर ऊस साडेसात एकर होतो, नफा ५ लाख २५ हजार, आणि अडीच एकर पड राहतं. त्यापुढे कर्ज काढून काही उपयोग नाही. त्या वेळी एखादा गडी लावणं परवडतं का, हा खरा प्रश्न होतो, आणि त्याचं उत्तर कामाची रेषा सरकवून मिळतं.

नेहमी एका वेळी एकच रेषा सरकवा. दोन एकदम हलवल्या तर कशामुळे किती फरक पडला ते कळत नाही.

प्रश्न: ‘उसाचं क्षेत्र सोयाबीनच्या दुपटीपेक्षा जास्त नसावे’ अशी अट आली की माझं नेहमी चुकतं. आरंभबिंदू घालून पाहिला तर ० ≤ ० येतं. मग बाजू कशी ठरवायची?
— विद्यार्थी, कऱ्हाड

आधी असमता. पुष्कळजण घाईत २क्ष ≤ य लिहितात. एक आकडा घालून तपास: सोयाबीन २ एकर असेल तर ऊस ४ एकरांपर्यंत चालेल. म्हणजे क्ष ≤ २य. क्ष = ४, य = २ घातल्यावर ४ ≤ ४ येतं, बरोबर. २क्ष ≤ य मध्ये घातलं तर ८ ≤ २, म्हणजे चूक लगेच सापडते.

ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते, म्हणून आरंभबिंदू साक्ष देऊ शकत नाही. रेषेवर नसलेला कुठलाही बिंदू घे. (०, ५) सोपा: ० ≤ १० खरं, म्हणून य-अक्षाकडची बाजू आपली. रेषा काढायला दुसरा बिंदू जितका लांबचा तितका बरा. (२, १) ऐवजी (८, ४) घेतलास तर पट्टी हलली तरी रेषा फार फिरत नाही.

भाषेतही एक सापळा आहे. ‘पेक्षा कमी नसावे’ याचं चिन्ह ≥, ‘पेक्षा जास्त नसावे’ याचं ≤. ‘कमी’ शब्द दिसला म्हणून ≤ लिहिणं ही उत्तरपत्रिकेतली अगदी ठरलेली चूक. ‘किमान’, ‘निदान’, ‘तरी हवेच’ या सगळ्यांना ≥.

याच पत्रात एकापेक्षा जास्त उत्तरं कधी येतात असंही विचारलं आहे. वरच्या उदाहरणात उसाचा नफा एकरी ९० हजार झाला असं समज. ९०क्ष + ३०य ही रेषा भांडवलाच्या ३क्ष + य ला समांतर होते. (६, ०) ला ५४०, (४, ६) लाही ५४०, आणि मधल्या (५, ३) लाही ५४०. दोन कोपऱ्यांना सारखाच सर्वोत्तम नफा आला, तर त्यांना जोडणाऱ्या कडेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर आहे. परीक्षेत दोनच बिंदू लिहून थांबू नकोस. आणि ऊस किमान ७ एकर हवाच अशी अट घातली, तर भांडवल ४२० लागेल, आहे ३६०. सामाईक जागाच उरत नाही, म्हणून उत्तर नाही. तसं स्पष्ट लिहायचं.

प्रश्न: एका गाईच्या खुराकाचा हिशेब करतोय. सरकी पेंडीच्या एका किलोत २०० ग्रॅम प्रथिनं आणि ७०० ग्रॅम एकूण पचनीय अन्नघटक धरले, मका भरड्यात १०० आणि ८००. वैरणीशिवाय खुराकातून रोज किमान ८०० ग्रॅम प्रथिनं आणि ३.७ किलो पचनीय घटक द्यायचे. पेंड ४० रुपये किलो, मका २४. कमीत कमी खर्चाचं मिश्रण कोणतं? आणि आलेखावर माझा प्रदेश वरच्या बाजूला उघडाच राहतोय, ते चूक आहे का?
— दूध उत्पादक, कोरेगाव

चूक नाही. मर्यादा ‘किमान’च्या असल्या की प्रदेश आरंभबिंदूच्या पलीकडे असतो आणि वर-उजवीकडे मोकळा सुटतो. गाईला गरजेपेक्षा जास्त घालायला तुम्ही कुठे मनाई केली आहे? तेच आलेख दाखवतो.

क्ष = पेंडीचे किलो, य = मक्याचे किलो. प्रथिनं: २क्ष + य ≥ ८. पचनीय घटक: ७क्ष + ८य ≥ ३७. खर्च ख = ४०क्ष + २४य, कमीत कमी. कोपरे तीन: (०, ८) ला १९२ रुपये, (३७/७, ०) म्हणजे साधारण ५.२९ किलो नुसती पेंड, खर्च सुमारे २११ रुपये, आणि दोन रेषांचा छेद (३, २), खर्च १२० + ४८ = १६८. उत्तर: ३ किलो पेंड, २ किलो मका, रोज १६८ रुपये.

उघड्या प्रदेशात मात्र कोपरे तपासून काम संपत नाही. ४०क्ष + २४य < १६८ हा भाग शक्य प्रदेशाला कुठे शिवतो का ते पाहावं लागतं. (४.२, ०) आणि (०, ७) जोडून तुटक रेषा काढा. तिच्या आरंभबिंदूकडच्या बाजूला शक्य प्रदेशाचा एकही बिंदू नाही, म्हणून १६८ हेच सर्वांत कमी. दोन्ही भाव शून्यापेक्षा जास्त आहेत तोवर इथे कमीत कमी खर्च सापडणारच. पण उघड्या प्रदेशात जास्तीत जास्त काढायला सांगितलं असतं, तर ती तुटक रेषा वर कितीही सरकली असती आणि उत्तरच मिळालं नसतं.

तुमच्या कामाची खरी गोष्ट भावात आहे. खर्चाच्या रेषेचा उतार दोन मर्यादांच्या उतारांच्या मध्ये असेतोवर (३, २) हेच उत्तर राहतं. म्हणजे पेंडीचा भाव भागिले मक्याचा भाव ही संख्या ७/८ आणि २ यांच्या मध्ये हवी. पेंड ४० रुपयांनाच राहिली तर मका २० पासून साधारण ४५ रुपयांपर्यंत कितीही झाला तरी मिश्रण बदलू नका, फक्त खर्च बदलेल. मका २० च्या खाली आला की उत्तर उडी मारतं. १८ रुपये धरा: (३, २) ला १५६, पण (०, ८) ला १४४. गणित म्हणतं, नुसता मका ८ किलो घाला.

आणि इथेच थांबायला हवं. रोज ८ किलो मका भरडा घातला तर पिष्ट फार होऊन गाईच्या कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ कमी होतो आणि जनावर चारा सोडतं. आलेखाला हे माहीत नाही, कारण तुम्ही ते मर्यादेत लिहिलं नाही. मक्याला वरची मर्यादा घाला. किती, ते तुमच्या पशुवैद्यकांना विचारून ठरवा. हिशेबापुरतं य ≤ ३ धरलं तर नवा कोपरा येतो (२.५, ३), खर्च १०० + ५४ = १५४. १४४ पेक्षा दहा रुपये जास्त, पण (३, २) पेक्षा दोन रुपये कमी आणि गाय खाती राहते. उत्तर वेडंवाकडं आलं की बेरीज-वजाबाकी तपासण्याआधी कुठली अट लिहायची राहिली ते शोधा.

प्रश्न: आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. खिडकीच्या ग्रिलला ३ तास वेल्डिंग, गेटला ७ तास. आठवड्याला वेल्डिंगचे २८ तास मिळतात. रंगकामाला आठवड्यात जास्तीत जास्त ७ नग जातात, ग्रिल असो की गेट. ग्रिलला ४०० रुपये सुटतात, गेटला ९००. आलेखावर सव्वापाच ग्रिल आणि पावणेदोन गेट असं उत्तर येतं. याचा अर्थ काय लावायचा?
— वर्कशॉप चालक, सातारा

उत्तर बरोबर काढलं आहे. ३क्ष + ७य = २८ आणि क्ष + य = ७ यांचा छेद (५.२५, १.७५), नफा ३,६७५ रुपये. आता बहुतेकजण जवळचा पूर्णांक घेतात: ५ ग्रिल, २ गेट. वेल्डिंग लागेल १५ + १४ = २९ तास. एक तास कमी पडतो, म्हणजे हा बिंदू शक्य प्रदेशाबाहेर आहे. मग दोन्ही आकडे खाली आणून ५ आणि १ घेतात: नफा २,९००. आठवड्याला पावणेआठशे रुपये हकनाक गेले.

पूर्ण नग हवे असतील तर शक्य प्रदेशातले पूर्णांक बिंदू आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी दाखवा. चौकटीचा कागद असतोच, वेळ लागत नाही. प्रत्येक आडव्या ओळीतला सर्वांत उजवा ठिपका तेवढा तपासायचा: (७, ० ) ला २,८००, (६, १) ला ३,३००, (४, २) ला ३,४००, (२, ३) ला ३,५००, (०, ४) ला ३,६००. उत्तर: ४ गेट, ग्रिल एकही नाही. छेदबिंदूपासून किती लांब आहे बघा. आसपासचे चार ठिपके तपासून हे सापडलंच नसतं.

३,६०० च्या वर काही नाही याची खात्रीही पटकन होते. दोन्ही नफे शंभराच्या पटीत आहेत, त्यामुळे पूर्ण नगांचा एकूण नफाही शंभराच्या पटीतच येणार. आलेखाची कमाल ३,६७५ आहे. तिच्या खालची शंभराची पहिली पट ३,६०० च.

मात्र अर्धवट गेट शनिवारी तसंच ठेवून सोमवारी पुढे वेल्डिंग करता येत असेल, तर अपूर्णांक अजिबात चूक नाही. चार आठवड्यांत २१ ग्रिल आणि ७ गेट, म्हणजे आठवड्याची सरासरी नेमकी ५.२५ आणि १.७५. वेल्डिंग ६३ + ४९ = ११२ तास, रंगकाम २८ नग, दोन्ही काठोकाठ. नफा १४,७००, दर आठवड्याला चार गेट केले तर १४,४००. काम पुढे नेता येत असेल तर महिन्याचं नियोजन असंच करा.

प्रश्न: माझ्याकडे ऊस, हळद आणि सोयाबीन अशी तीन पिकं आहेत. आलेखावर तीन चलं कशी दाखवायची? आणि मग संगणकावर हे कसं करतात?
— शेतकरी, मिरज

सगळी जमीन पेरायचीच असेल, तर तिसरं चल लिहायची गरज नाही. दहा एकरांत ऊस क्ष, हळद य, तर सोयाबीन १० − क्ष − य. जिथे जिथे सोयाबीन येतं तिथे हे घाला आणि कागदावर पुन्हा दोनच चलं उरतील. फक्त १० − क्ष − य ≥ ०, म्हणजे क्ष + य ≤ १०, ही अट विसरू नका. आणि हळदीला तर साधारण नऊ महिने रान लागतं, त्यामुळे तिच्या मागे-पुढे दुसरं पीक धरलं असेल तर जमिनीचा हिशेब हंगामागणिक दोन ओळींत लिहा.

रान पड ठेवायलाही मोकळीक असेल किंवा पिकं चार-पाच असतील, तर कागद संपला. त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत आहे. अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी ती १९४७ मध्ये मांडली. सोव्हिएत गणिती लिओनिद कांटोरोविच यांनी त्याआधीच, १९३९ मध्ये, कारखान्यांच्या नियोजनासाठी अशी गणितं मांडली होती. त्यांना १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सिम्प्लेक्स करते तेच जे आपण आलेखावर केलं: एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त नफ्याच्या कोपऱ्यावर जायचं, शेजारी चांगला कोपरा उरला नाही की थांबायचं. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी दिलेली पद्धत कोपऱ्यांवरून न चालता प्रदेशाच्या आतून वाट काढते, आणि फार मोठ्या गणितांत ती उपयोगी पडते.

संगणकावर एक्सेलमध्ये ‘सॉल्व्हर’ ही सोय आधी ॲड-इनमधून चालू करून घ्यावी लागते. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही सॉल्व्हर असतो. पिकांचे एकर एका ओळीत, प्रत्येक मर्यादेची बेरीज वेगळ्या चौकटीत, नफा एका चौकटीत. एक्सेलमध्ये पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा आणि चलं शून्यापेक्षा कमी नकोत ही खूण करा. ही खूण राहिली तर उणे एकर सोयाबीन असं उत्तर येऊ शकतं.

उत्तर आल्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ अहवालही मागवा. (चल पूर्णांकच हवं अशी अट घातली असेल तर तो मिळत नाही.) त्यात प्रत्येक मर्यादेसमोर ‘शॅडो प्राइस’ असते, म्हणजे ती मर्यादा एकाने वाढवली तर नफा किती वाढतो तो आकडा, आणि ती किती वाढीपर्यंत व किती घटीपर्यंत खरी ते दोन आकडे. तीन पिकांचं गणित घालण्याआधी पहिल्या उत्तरातलं दोन पिकांचं घालून बघा. जमिनीसमोर १० यायला हवं, वाढ २ आणि घट ४, भांडवलासमोर १, वाढ ४० आणि घट १६०, कामासमोर शून्य. हे आकडे जुळले तर मांडणी बरोबर आहे, मग हळदीचा स्तंभ वाढवा.